बूटचा पासवर्ड अचानक चालत नाही: अँड्रॉइड ४ पासून १३ पर्यंत काय काय तपासायचं

मे महिना लागला की हा बिघाड आमच्याकडे रांगेने येतो. अमळनेर, पारोळा, चोपडा, फोन कुठलाही असो, कहाणी एकच. पारा ४४-४५ वर, फोन बाईकच्या डिकीत राहिला नाहीतर ट्रॅक्टरवर उन्हात, तापून बंद पडला, मग सावलीत आणून सुरू केला तर लॉकस्क्रीनच्या आधीच पासवर्ड मागून बसला. आणि जो पासवर्ड पाठ आहे तो घेत नाही. मालक शपथेवर सांगतो की मी काही बदललं नाही. खरंच सांगतो तो, आज काहीच बदललेलं नसतं. बदललेलं असतं जानेवारीत. बूटचा पासवर्ड फोन फक्त सुरू होताना विचारतो, आणि आपल्याकडे मुद्दाम फोन बंद करतो कोण, त्यामुळे बिघाड होतो संक्रांतीला आणि कळतो आखाजीला (अक्षय्य तृतीयेला).

मी बोलतोय ते एन्क्रिप्शनचा (फोनातला डेटा कुलूपबंद करण्याचा) पासवर्ड लॉकच्या पिनपासून वेगळा करणाऱ्या अॅपबद्दल. रूट केलेल्या, म्हणजे सिस्टिमचे पूर्ण हक्क उघडून घेतलेल्या, फोनात चालणारी छोटी छोटी अॅप होती ही. कल्पना झकास होती, दिवसातून शंभरदा उघडायला ४ आकडी पिन आणि फोन सुरू होताना एकदाच लांबलचक पासवर्ड, म्हणजे फोन चोरीला गेला तरी डेटा सेफ. मी स्वतः कॉलेजात असताना अख्ख्या ग्रुपच्या फोनात टाकून दिलं होतं, आणि आता त्याचं प्रायश्चित्त घेतोय, कारण ते फोन पुढे काकांकडे, मामांकडे, शेतातल्या सालदाराकडे गेले आणि अॅप तसंच आत राहिलं.

आधी लक्षण नीट ओळखा

सगळ्यात जास्त येतं ते हे: फोन सुरू होताना पासवर्ड टाका म्हणतो, खात्रीचा पासवर्ड टाकला तरी चुकीचा सांगतो.

दुसरं, अॅपमध्ये पासवर्ड बदलला, अॅप म्हणालं झालं, पण रीस्टार्ट केल्यावर जुनाच चालतो.

तिसरं याच्या उलट, आधी बूटला विचारायचा आणि आता काही न विचारता सरळ लॉकस्क्रीनवर येतो. यात अडकायला होत नाही म्हणून लोक तक्रार घेऊन येतच नाहीत, पण ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते कुलूपच उघडं पडलेलं असतं.

चौथं, पासवर्ड बरोबर धरतो, जरा पुढे जातो आणि परत तिथेच येतो, किंवा इंग्रजीत मेसेज येतो की पासवर्ड बरोबर आहे पण डेटा खराब झालाय. या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, खाली सांगतो.

पाचवं, बूटला नुसता आकड्यांचा पॅड येतो आणि तुमच्या पासवर्डात तर अक्षरं आहेत.

आणि सहावं नव्या फोनांचं, फोन सुरू होतो, कॉल वाजतो पण नाव येत नाही नुसता नंबर, व्हॉट्सअॅप गप्प, बोट ठेवलं तर घेत नाही, पिनच टाका म्हणतो. हा बिघाड नाहीये. अँड्रॉइड ७.० पासून फाईलनुसार एन्क्रिप्शन आलं, त्यात फोन अलार्म आणि कॉलपुरता आधीच जागा होतो पण तुमचे कॉन्टॅक्ट, मेसेज, फोटो पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत कुलपातच राहतात. नाव दिसत नाही कारण नावांची वही अजून उघडलेली नाही. पिन टाका, विषय संपला.

पैसे न लागणारी पहिली गोष्ट: हात थांबवा

पासवर्ड चुकला की माणूस घाईघाईत दहा-बारा वेळा तेच तेच टाकतो. जुन्या पद्धतीच्या एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे ४.x ते ६ च्या काळातल्या साध्या अँड्रॉइडमध्ये, बूटच्या स्क्रीनला ३० चुका झाल्या की फोन स्वतः सगळं पुसतो. दर १० चुकांना ३० सेकंद थांबवतो ती त्याची सूचना असते, आपल्याला वाटतं हँग झाला. फोनच्या कंपनीने स्वतःचं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर हा आकडा कमीही असू शकतो. म्हणून कागद घ्या आणि टाकलेला प्रत्येक पासवर्ड लिहा, चुकलेलासुद्धा. माझ्याकडे फोन आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो की आतापर्यंत किती वेळा टाकला, आणि उत्तर नेहमी एकच, "तीन-चार वेळा". याला मी मनातल्या मनात तीनने गुणतो.

मग सध्याचा लॉकचा पिन टाकून बघा

हे एवढं सोपं आहे की लोकांना पटत नाही. पण बहुतेक केस इथेच संपतात, आणि का संपतात ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं.

फोनातला डेटा तुमच्या पासवर्डने एन्क्रिप्ट झालेला नसतो. तो झालेला असतो एका मुख्य किल्लीने, जी फोनने स्वतः एन्क्रिप्ट होताना बनवली आणि जी कधी बदलत नाही. तुमचा पासवर्ड फक्त त्या किल्लीच्या डबीला लावलेलं कुलूप. सराफाची मोठी तिजोरी असते, तिची किल्ली एका छोट्या डबीत, आणि डबीला वेगळं कुलूप, तसं. म्हणून पासवर्ड बदलायला सेकंद लागतो आणि पहिल्यांदा फोन एन्क्रिप्ट करायला तासभर. आपलं अॅप काय करतं, तर फक्त डबीचं कुलूप बदलतं, लॉकस्क्रीनचं तसंच ठेवतं. पण अँड्रॉइडच्या सेटिंगला हे माहीतच नसतं! सेटिंगच्या हिशोबाने दोन्ही कुलपं एकच. त्यामुळे तुम्ही पुढे कधीही सेटिंगमध्ये जाऊन लॉकचा पिन बदलला की सेटिंग डबीलाही तोच नवीन पिन लावून मोकळी होते. अॅपने लावलेला मोठा पासवर्ड गेला. कुठे मेसेज नाही, काही नाही.

गेल्या उन्हाळ्यात गावाकडचे एक जिभाऊ आले होते, कापसाचा व्यापार करतात. फोन जुना, ४.४ वाला, पुतण्याने दिलेला. आल्या आल्या म्हणाले, "मनाच मोबाईल शे आन मालेच वळखत नही." पासवर्ड डायरीच्या शेवटच्या पानावर पुतण्याच्या अक्षरात लिहिलेला, आणि तोही मराठीत, "कापूस", पुढे ते ईमेलमधलं गोल चिन्ह, पुढे २०१५. आता कापूसचं स्पेलिंग पुतण्याने काय केलं असेल? एक 'यू' की दोन 'ओ', 'के'नंतर एक 'ए' की दोन, पहिलं अक्षर कॅपिटल की नाही. जिभाऊंनी घरी चौदा वेळा टाकून झालेलं, नातवाने मोजलेलं म्हणून आकडा खरा. पुतण्या दुबईला, फोन उचलेना. मी बसून स्पेलिंगांची यादी करायला घेतली आणि मग सुचलं, विचारलं की जिभाऊ, लॉकचा पिन कधी बदलला होता का. म्हणाले, हो, थंडीत, नातू गेम खेळत बसायचा म्हणून. तो ४ आकडी पिन बूटच्या स्क्रीनला टाकला आणि फोन उघडला. चहा आमच्यातर्फे झाला, पण ती कापसाची यादी अजून माझ्या वहीत आहे.

तर क्रम असा ठेवा: आधी सध्याचा लॉकचा पिन, मग त्याच्या आधीचा, मग अॅपने लावलेला मोठा पासवर्ड, आणि मग बाकी. प्रत्येक एकदाच, नीट बघून.

५.० आणि ६ मध्ये यात एक वळण आहे. तिथे लॉक बदलताना फोन विचारतो की सुरू होतानाही हा पिन मागू का. काही फोनात याला सिक्युअर स्टार्टअप म्हणतात. हो म्हणालात तर वरच्यासारखंच, नवीन पिन बूटलाही लागला. नको म्हणालात तर डबीला फोनचं स्वतःचं ठरलेलं डीफॉल्ट कुलूप लागतं आणि बूटला काहीच विचारत नाही. लक्षण तिसरं इथून येतं. एन्क्रिप्शन बंद झालेलं नसतं, फक्त बूटचा प्रश्न गेलेला असतो.

कीबोर्ड, अंगठा आणि काच

बूटच्या स्क्रीनला येतो तो फोनच्या सिस्टिममधला साधा कीबोर्ड. आपण प्ले स्टोअरवरून घेतलेला मराठी कीबोर्ड तिथे येत नाही, कारण तो ज्या डेटात ठेवलाय तोच तर कुलपात आहे. आता यात आपल्या लोकांचा एक खास घोळ होतो. अँड्रॉइडची स्वतःची सेटिंग पासवर्डात देवनागरी घेत नाही, चुकीचं अक्षर म्हणून अडवते. पण ही अॅप असलं काही तपासतीलच असं नाही. मराठी कीबोर्ड चालू असताना आकडे टाकले तर ते १२३४ असे आपल्या लिपीतले जातात, अॅप ते तसंच्या तसं डबीला लावतं आणि बूटला इंग्रजी अक्षरं-आकड्यांशिवाय काही टाकताच येत नाही. दिसायला पासवर्ड तोच, फोनच्या दृष्टीने वेगळा. असं झालं असेल तर बाहेरून टाकायचा मार्ग जवळजवळ नाहीच, त्यामुळे फोन चालू असतानाच ज्यांनी असा पासवर्ड ठेवलाय त्यांनी आजच, रीस्टार्ट करायच्या आधी, इंग्रजी कीबोर्डवरून बदलून घ्या.

बाकी नेहमीचं: शून्य आणि 'ओ', एक आणि छोटा 'एल', कॅपिटल. शेवटी चुकून पडलेली स्पेस. १६ अक्षरांपेक्षा मोठा पासवर्ड जुन्या सेटिंगा घेतच नव्हत्या, तेव्हा २० अक्षरांचा ठेवलाय असं कोणी ठामपणे सांगत असेल तर तो अॅपमधून ठेवला होता की सेटिंगमधून हे आधी विचारा.

टच पण बघा. उन्हाळ्यात घामेजलेलं बोट, वर तडा गेलेली काच, त्यावर फुगलेला स्क्रीनगार्ड, आकडा ५ दाबला की ८ उठतो आणि ठिपके सगळे सारखेच दिसतात. तपासायला स्वस्त उपाय म्हणजे ओटीजीची पिन (फोनला माऊस-कीबोर्ड जोडायची), मार्केटात शंभराच्या आत मिळते, आणि घरातला कॉम्प्युटरचा माऊस किंवा कीबोर्ड. बऱ्याच फोनात बूटच्या स्क्रीनला तो चालतो. माऊसने टाकल्यावर पासवर्ड लागला तर दोष काचेचा, अॅपवर राग काढू नका.

आकड्यांचाच पॅड येतोय आणि पासवर्ड अक्षरांचा आहे, हे ५.० नंतरच होतं, कारण ५.० पासून फोन डबीवर कुलपाचा प्रकारही लिहून ठेवतो, पिन की पॅटर्न की पासवर्ड, आणि तसा पॅड दाखवतो. अॅपने प्रकार चुकीचा लिहिला की पॅडही चुकीचा. इथेही ओटीजी कीबोर्ड लावून बघायला हरकत नाही, मला दोनदा त्यानेच तारलंय.

बॅटरी

लक्षण चौथं, बरोबर धरतो आणि परत सुरुवातीला येतो. सुरू होताना फोन सगळ्यात जास्त करंट ओढतो आणि म्हातारी बॅटरी ३०-४० टक्के दाखवत असली तरी तेव्हाच बसते, फोन रीस्टार्ट होतो आणि पुन्हा पासवर्ड मागतो, आपल्याला वाटतं नाकारला. बंद अवस्थेत चांगल्या चार्जरवर दोन तास लावा, फोन थंड होऊ द्या, चार्जर लावलेलाच ठेवून एकदा टाका. बॅटरी फुगलेली दिसली, मागचं झाकण वर आलेलं असलं, तर चार्जिंगला लावूच नका, ती आधी बदलायची.

यालाच जोडून, कोणी फोन नव्याने एन्क्रिप्ट करत असेल तर जुने फोन ८० टक्के चार्ज आणि चार्जर लावलेला असल्याशिवाय सुरूच करत नाहीत, आणि ते बरोबर आहे. मधेच बंद पडला तर डेटा जातो. लाईटचा टाइम बघून लावा, दुपारी लोडशेडिंगच्या तोंडावर नको.

आता व्हर्जन काढा

इथपर्यंत व्हर्जन न बघता सगळं करता येतं म्हणून ते खाली ठेवलं. पुढचं मात्र व्हर्जनशिवाय नको.

फोन उघडत असेल तर सेटिंगमध्ये दिसतंच. अडकलेला असेल तर पॉवर आणि आवाजाचं बटण दाबून रिकव्हरी (फोनचा दुरुस्तीचा मेनू) उघडा, वरच्या ओळीत बऱ्याच फोनांना बिल्डचा नंबर असतो. त्याचं पहिलं अक्षर बघा: 'के' म्हणजे किटकॅट ४.४, 'एल' म्हणजे लॉलीपॉप ५, 'एम' म्हणजे मार्शमेलो ६, 'एन' म्हणजे नूगा ७. बघून परत या. तिथे डेटा पुसण्याचा ऑप्शन एका बटणाच्या अंतरावर असतो आणि आवाजाचं बटण अडकलेल्या फोनात तो आपोआप सिलेक्ट झालेला मी पाहिलाय.

३.० ला २०११ मध्ये एन्क्रिप्शन पहिल्यांदा आलं, फोनात नीट वापरायला मिळालं ते ४ पासून. ४.x ला एन्क्रिप्शन म्हणजे पिन किंवा पासवर्ड सक्तीचा, पॅटर्न चालत नाही. अॅपला काम सोपं, रूट घ्यायचं आणि सिस्टिमला एका ओळीत सांगायचं की नवीन पासवर्ड हा.

५.० ला, म्हणजे २०१४ ला, दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे त्याच कमांडला आता कुलपाचा प्रकार पण सांगावा लागतो. ४.x साठी लिहिलेलं जुनं अॅप प्रकार सांगत नाही, कमांड फसते, आणि अॅपने उत्तर तपासलंच नाही तर ते खुशाल "झालं" दाखवतं. लक्षण दुसरं ते हेच. दुसरं म्हणजे एसई लिनक्सचा, म्हणजे कुठल्या प्रोग्रामला काय करू द्यायचं हे ठरवणाऱ्या व्यवस्थेचा, पहारा पूर्ण कडक झाला, त्यामुळे रूट दिलंय असं दिसत असूनही अॅपची कमांड अडू शकते. याच काळात डबीची किल्ली फोनच्या प्रोसेसरमधल्या सुरक्षित भागाशी बांधायची सोय आली, हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

७.० पासून, २०१६, फाईलनुसार एन्क्रिप्शन. यात बूटचा वेगळा पासवर्ड ही गोष्टच नाही, म्हणून अॅपही कामाचं नाही. पण ७ दिसलं म्हणजे नवीन पद्धत असंही समजू नका! जो फोन ५ किंवा ६ वर आला आणि अपडेट घेऊन ७-८ झाला तो सहसा जुन्याच पद्धतीवर राहतो, कारण पद्धत बदलायची तर डेटा पुसावा लागतो. अँड्रॉइड १० घेऊनच बाजारात आलेल्या फोनांना नवीन पद्धत सक्तीची, आणि १३ मध्ये जुनी पद्धत पूर्ण काढून टाकली.

खात्री करायची असेल आणि फोन उघडत असेल तर टर्मिनल (कमांड टाइप करायच्या) अॅपमध्ये 'गेटप्रॉप' लिहून, स्पेस देऊन, 'रो डॉट क्रिप्टो डॉट टाइप' विचारा, अर्थात इंग्रजी अक्षरांत. उत्तर 'ब्लॉक' आलं तर जुनी पद्धत, 'फाईल' आलं तर नवीन. रूट लागत नाही. 'फाईल' आलं तर हे अॅप काढून टाका, वेळ घालवू नका.

फोन उघडतो पण अॅपचं ऐकत नाही

आधी अॅक्सेसिबिलिटीत जा. ५ आणि ६ मध्ये तिथली एखादी सर्व्हिस चालू केली, मग ती कॉल रेकॉर्डरची असो की पासवर्ड आपोआप भरणाऱ्या अॅपची, की फोन बूटचा पिन काढून डीफॉल्ट कुलूप लावतो. चालू करताना एक ओळ सांगतो, ती आपण वाचत नाही. कारण रास्त आहे, ज्याला स्क्रीन वाचून दाखवणारी सर्व्हिस लागते त्याला बूटच्या स्क्रीनला ती मिळणार नाही आणि तो अडकेल. पण कॉल रेकॉर्डरवाल्याचं कुलूप त्यापायी उघडं पडतं. सर्व्हिस बंद करा, सेटिंगमधून लॉक पुन्हा लावा, बूटला मागायचं का याला हो म्हणा, मग वाटल्यास अॅप.

मग रूट. सिस्टिम अपडेट आलं की रूट जातं, अॅपचा आयकॉन मात्र राहतो. रूट मॅनेजर उघडून अॅपला परवानगी दिलीय का बघा, लॉगमध्ये नकार दिसतोय का बघा. रूट गेलेलं असेल तर निव्वळ या अॅपसाठी परत करायला मी तरी सांगणार नाही. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम, उघडा ठेवलेल्या फोनात मोठा पासवर्ड ठेवणं म्हणजे वाड्याला सागवानी दरवाजा आणि मागची भिंत पडकी.

आणि अॅपने पासवर्ड बदलला की लगेच, त्याच जागी उभं राहून, फोन एकदा रीस्टार्ट करा. चार महिन्यांनी नव्हे. जुना आणि नवा दोन्ही समोर कागदावर असताना चूक कळली तर पाच मिनिटांचं काम.

रिकव्हरीतून

कस्टम रिकव्हरी, म्हणजे कंपनीच्या जागी बाहेरची रिकव्हरी, आधीपासून टाकलेली असेल तर ती सुरू होताना स्वतःच पासवर्ड विचारते, आणि डीफॉल्ट कुलूप असेल तर न विचारता उघडते. पॅटर्न असेल तर तो आकड्यांत टाकायचा, नऊ ठिपके डावीकडून उजवीकडे १ ते ९. इथे डेटा उघडला तर बाकी काही न करता आधी फोटो आणि कागदपत्रं कॉम्प्युटरवर काढा. दुरुस्ती नंतर.

इथे थांबा

पासवर्ड बरोबर पण डेटा खराब, हा मेसेज स्पष्ट आला तर पुढे बोट लावू नका. डबी उघडली पण तिजोरीतलं वाचता आलं नाही असा त्याचा अर्थ. वेगळ्या व्हर्जनचा रॉम, म्हणजे फोनचं अख्खं सॉफ्टवेअर, टाकला असेल तर मूळ रॉम परत टाकून कधी कधी निघतं, पण ते माहितगाराचं काम आहे, आणि मेमरी चिप मरत असेल तर प्रत्येक रीस्टार्टला उरलंसुरलं जातं. स्क्रीनवर रीसेटचं बटण समोरच असतं. ते दाबलं की मुख्य किल्लीच जाते.

चुका २० च्या वर गेल्या, थांबा.

व्हिडिओ बघून लॉकच्या फाईली डिलीट करायला निघालात, थांबा. ४.x-५ मध्ये बूटचा पासवर्ड माहीत असून फक्त लॉक विसरलं असेल तर ती युक्ती चालायची. फाईलनुसार एन्क्रिप्शनच्या फोनात त्याच जागी किल्लीचे तुकडे ठेवलेले असतात, ते उडवले की डेटा कायमचा गेला, मग अगदी बरोबर पिन आठवला तरी उपयोग नाही.

आणि सर्व्हिसवाल्याकडे जाल तेव्हा काय मागायचं तेही ठरवून जा. बॅटरी, काच, टच, चार्जिंगची पिन, बोर्डवरचं पाणी, हे तो करू शकतो आणि फोन पुन्हा पासवर्ड मागण्यापर्यंत आणून देऊ शकतो. पासवर्ड तुमच्याकडेच लागतो. "चिप काढून डेटा काढून देतो" असं कोणी एन्क्रिप्ट केलेल्या फोनाबद्दल म्हणालं तर अॅडव्हान्स देऊ नका, ५.० नंतरच्या ज्या फोनांत किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते त्यात ती चिप दुसरीकडे वाचली तर निघतो तो नुसता कचरा. मागे एका शेजाऱ्यांचे असेच साडेतीन हजार गेले, कुठे ते जाऊ द्या.

डेटा सोडून फक्त फोन वाचवायचा असेल तर रीसेट आहेच, पण ५.१ पासून बऱ्याच फोनांत रीसेटनंतर आधीचं गुगल खातं मागतात. तो ईमेल आणि त्याचा पासवर्ड आधी दुसऱ्या फोनवर उघडून बघा, चालत असेल तरच रीसेट मारा. खातं दुबईच्या पुतण्याच्या नावावर असेल तर त्याने फोन उचलेपर्यंत थांबा, आणि दुकानात जाताना बिल आणि डबा बरोबर न्या, त्याशिवाय कोणी भला माणूस हात लावणार नाही.